थरयुक्त फाइलींतून अंतर्भूत प्रतिमा काढणे

थरयुक्त फाइलींतून अंतर्भूत प्रतिमा काढणे ही छायाचित्र-संपादनाच्या फाइलमध्ये साठवलेली मूळ चित्रे स्क्रिप्टच्या, म्हणजे लहान आज्ञावलीच्या, साहाय्याने स्वतंत्र फाइलींच्या रूपात वेगळी करण्याची प्रक्रिया आहे. ॲडोबी फोटोशॉपच्या पीएसडी आणि पीएसबी या फाइलप्रकारांच्या संदर्भात ही प्रक्रिया प्रामुख्याने वापरली जाते. गिंप, क्रिता यांसारख्या मुक्त आज्ञावलींच्या फाइलींनाही ती काही प्रमाणात लागू होते. लग्नाचे अल्बम, लग्नपत्रिका, फ्लेक्स, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि स्मरणिका यांचे जुने काम अनेकदा केवळ थरयुक्त फाइलीच्या रूपात शिल्लक असते. मूळ छायाचित्रे हरवलेली असतील, तर ती परत मिळवण्याचा हा बहुधा एकमेव मार्ग ठरतो.

संकल्पना

थरयुक्त फाइलमध्ये एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांप्रमाणे अनेक थर असतात. पडद्यावर दिसणारे चित्र हे त्या सर्व थरांचे एकत्रित दर्शन असते. प्रत्येक थरात रंगवाहिन्या, पारदर्शकता, मुखवटा आणि स्थान यांची माहिती वेगवेगळी साठवलेली असते. थरांचे ढोबळमानाने दोन प्रकार या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पिक्सेल-थरात चित्राचे प्रत्यक्ष बिंदू असतात. असे चित्र लहान केले की अतिरिक्त बिंदू कायमचे नष्ट होतात. याउलट, स्मार्ट ऑब्जेक्ट या प्रकारच्या थरात बाहेरून आणलेली संपूर्ण फाइल जशीच्या तशी साठवली जाते आणि थरावर तिचे केवळ आवश्यक त्या आकारातील दर्शन असते. थर कितीही लहान केला, फिरवला किंवा मुखवट्याने झाकला, तरी आतील मूळ फाइल बदलत नाही.

त्यामुळे थराची निर्यात आणि अंतर्भूत फाइलीचे निष्कासन या दोन भिन्न क्रिया ठरतात. महाराष्ट्रातील छायाचित्र-व्यवसायात करिझ्मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अल्बमचे १२ × ३६ इंचांचे जोडपान हे याचे सोयीचे उदाहरण आहे. दर इंचास ३०० बिंदू धरल्यास असे पान ३,६०० × १०,८०० बिंदूंचे होते. त्या पानावर ६,००० × ४,००० बिंदूंचे छायाचित्र ३ × २ इंचांच्या चौकटीत बसवले असेल, तर थराची निर्यात केल्यावर ९०० × ६०० बिंदूंचे, म्हणजे एकूण ५ लाख ४० हजार बिंदूंचे चित्र मिळते. तेच चित्र स्मार्ट ऑब्जेक्टमधून काढल्यास २ कोटी ४० लाख बिंदूंची मूळ फाइल हाती येते. दोन्ही चित्रे पडद्यावर सारखीच दिसू शकतात. मोठ्या आकारात छापण्यासाठी मात्र दुसरेच उपयोगी पडते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

थॉमस नॉल आणि जॉन नॉल या बंधूंनी विकसित केलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये मॅकिंटॉश संगणकांसाठी प्रसिद्ध झाली. थरांची सुविधा १९९४ मधील ३.० या आवृत्तीपासून मिळाली. त्यापूर्वी एखादा घटक चित्रावर बसवला की तो खालच्या चित्रात मिसळून जात असे व नंतर वेगळा करता येत नसे.

२००३ मध्ये आलेल्या सीएस आवृत्तीपासून स्क्रिप्ट चालवण्याची सोय फोटोशॉपचा अंगभूत भाग झाली. याच आवृत्तीबरोबर मोठ्या कामांसाठीचा पीएसबी हा फाइलप्रकारही आला. २००५ मधील सीएस२ या आवृत्तीत स्मार्ट ऑब्जेक्ट आले आणि बाहेरील फाइल पूर्णपणे आत साठवणे शक्य झाले. सप्टेंबर २०१३ मधील १४.१ आवृत्तीत जनरेटर ही सुविधा आली. थराच्या नावापुढे चित्रप्रकाराचा प्रत्यय लिहिला की त्या थराची प्रतिमा तिच्याद्वारे आपोआप वेगळी साठवली जाते. जानेवारी २०१४ मधील १४.२ आवृत्तीपासून स्मार्ट ऑब्जेक्ट बाहेरील फाइलीशी केवळ जोडून ठेवण्याचा पर्याय मिळाला. जोडलेल्या प्रकारात मूळ फाइल पीएसडीच्या आत नसते, ही बाब निष्कासनाच्या वेळी निर्णायक ठरते.

पीएसडी फाइलीची रचना

पीएसडी फाइल पाच विभागांची असते: शीर्षक, रंगपद्धतीची माहिती, प्रतिमा-संसाधने, थर व मुखवट्यांची माहिती आणि शेवटी एकत्रित चित्र. सर्व संख्या मोठा बाइट आधी या क्रमाने लिहिलेल्या असतात.

शीर्षक २६ बाइटांचे असते. त्याची सुरुवात ‘८बीपीएस’ या चार अक्षरी ओळखचिन्हाने होते. पुढील दोन बाइटांतील आवृत्तीक्रमांक पीएसडीसाठी १ आणि पीएसबीसाठी २ असतो. त्यानंतर सहा रिकामे बाइट, रंगवाहिन्यांची संख्या, उंची, रुंदी, प्रत्येक वाहिनीची खोली आणि रंगपद्धती यांची नोंद असते. पीएसडी फाइलीची कमाल लांबी-रुंदी प्रत्येकी ३०,००० बिंदू असून आकारमानाची मर्यादा २ गिगाबाइट आहे. पीएसबीमध्ये ३,००,००० बिंदूंपर्यंत मुभा असते. २० फूट लांबीचा फ्लेक्स दर इंचास १५० बिंदू या प्रमाणात तयार केल्यास त्याची लांबी ३६,००० बिंदू होते. असे काम पीएसडीत मावत नाही, म्हणून अशा फलकांच्या फाइली पीएसबी प्रकारात आढळतात.

प्रतिमा-संसाधनांच्या विभागात क्रमांकित नोंदी असतात. क्रमांक १०३६ खाली फाइलीची लहान पूर्वदर्शन-प्रतिमा जेपेग स्वरूपात, १०३९ खाली रंगरूपरेषा, १०५८ खाली एक्झिफ माहिती आणि १०६० खाली एक्सएमपी माहिती साठवलेली असते.

थरांच्या विभागात प्रत्येक थराची चौकट, नाव आणि रंगवाहिन्या असतात. वाहिन्यांतील बिंदू चारपैकी एका प्रकारे लिहिलेले असतात: विनासंकोच, पॅकबिट्स, साधे झिप आणि पूर्वानुमानासह झिप. स्मार्ट ऑब्जेक्टच्या थराला एक अनन्य ओळखक्रमांक जोडलेला असतो. त्याच क्रमांकाची अंतर्भूत फाइल सर्व थरांच्या नोंदींनंतर वेगळ्या खंडात असते. या खंडात मूळ फाइलीचे नाव, चार अक्षरी प्रकारसंकेत, लांबी आणि त्यानंतर मूळ फाइलीचे सर्व बाइट क्रमाने येतात. या बाइटांवर वेगळे कॉम्प्रेशन केलेले नसते. त्यामुळे कॅमेऱ्यातील जेपेग फाइल अंतर्भूत केली असेल, तर काढलेली फाइल मूळ फाइलीशी बाइट-बाइट जुळते.

पद्धती

फोटोशॉपमधील स्क्रिप्ट. फोटोशॉपसाठीच्या पारंपरिक स्क्रिप्टा एक्स्टेंडस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या जुन्या रूपात लिहिल्या जातात. प्रत्येक थर स्वतंत्र फाइलीत साठवणारी एक तयार स्क्रिप्ट फोटोशॉपसोबतच मिळते. तिच्यातून मिळणारे चित्र मात्र निर्यात केलेले, म्हणजे पानावरील आकाराचे असते. मूळ फाइल काढण्यासाठी स्मार्ट ऑब्जेक्टच्या उपसूचीत आशय-निर्यातीची वेगळी आज्ञा आहे. स्मार्ट ऑब्जेक्ट बाहेरील फाइलीपासून बनला असेल, तर ही आज्ञा तिला मूळ प्रकारात साठवते. तो फोटोशॉपमधील थरांपासूनच बनला असेल, तर पीएसबी फाइल मिळते. स्क्रिप्टद्वारे ही आज्ञा शेकडो थरांवर ओळीने चालवता येते.

स्वतंत्र ग्रंथालये. फोटोशॉप उपलब्ध नसताना फाइल थेट वाचणारी मुक्त ग्रंथालये वापरली जातात. पायथन भाषेतील पीएसडी-टूल्स हे त्यांपैकी सर्वपरिचित असून ते स्मार्ट ऑब्जेक्टमधील मूळ फाइलीचे नाव, प्रकार आणि बाइट उपलब्ध करून देते. जावास्क्रिप्टच्या वापरकर्त्यांसाठी एजी-पीएसडी हे ग्रंथालय आहे. इमेजमॅजिक ही आज्ञावलीही पीएसडी वाचते. तिच्या क्रमवारीत शून्यावर एकत्रित चित्र आणि त्यापुढे एकेक थर येतो. ती थरांचे बिंदू देते, अंतर्भूत फाइली नव्हेत.

ओळखचिन्हांचा शोध. फाइल अर्धवट खराब झाली असेल आणि कोणतीच आज्ञावली ती उघडत नसेल, तर तिच्या बाइटांमध्ये चित्रप्रकारांची ओळखचिन्हे शोधता येतात. षोडशमान पद्धतीत जेपेगची सुरुवात ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइटांनी आणि शेवट ‘एफएफ डी९’ यांनी होतो. पीएनजी फाइलीचे पहिले चार बाइट ‘८९ ५० ४ई ४७’ असे असतात. या पद्धतीत दोन चुका सहज होतात. सर्वप्रथम सापडणारी जेपेग प्रतिमा बहुधा पीएसडीचीच पूर्वदर्शन-प्रतिमा असते. दुसरे असे की, कॅमेऱ्याच्या जेपेग फाइलीत एक्झिफ माहितीबरोबर आणखी एक लहान जेपेग प्रतिमा असू शकते. पहिल्या समाप्तीचिन्हाशी थांबणारी स्क्रिप्ट त्या लहान प्रतिमेपाशीच फाइल तोडते आणि मूळ छायाचित्र अपुरे राहते.

स्क्रिप्टचा सामान्य क्रम

निष्कासनाची विश्वासार्ह स्क्रिप्ट पुढील क्रमाने काम करते.

१. मूळ फाइलीची प्रत घेतली जाते व त्या प्रतीवरच काम केले जाते. फाइल केवळ वाचनासाठी उघडली जाते.

२. पहिले सहा बाइट वाचून फाइल खरोखरच पीएसडी किंवा पीएसबी आहे याची खात्री केली जाते. पीएसबीमध्ये काही खंडांची लांबी चारऐवजी आठ बाइटांत लिहिलेली असते. आवृत्तीक्रमांक न तपासता वाचन केल्यास पुढील सर्व स्थाने चुकतात.

३. सर्व थर, तसेच गटांच्या आतील थर, एकेक करून तपासले जातात आणि त्यांतील स्मार्ट ऑब्जेक्ट वेगळे केले जातात.

४. प्रत्येक ओळखक्रमांकाची फाइल एकदाच काढली जाते. एकच बोधचिन्ह पानावर दहा ठिकाणी असले, तरी आत त्याची फाइल बहुधा एकच असते.

५. काढलेली फाइल स्वतःच पीएसडी किंवा पीएसबी असेल, तर तिच्यावर हीच प्रक्रिया पुन्हा केली जाते. तयार साच्यांमध्ये स्मार्ट ऑब्जेक्टच्या आत दुसरा स्मार्ट ऑब्जेक्ट असणे नित्याचे आहे.

६. जोडलेल्या, म्हणजे बाहेरच राहिलेल्या फाइलींची नावे वेगळ्या यादीत लिहिली जातात, जेणेकरून त्या अन्यत्र शोधता येतील.

७. साध्या पिक्सेल-थरांचे बिंदू पीएनजीसारख्या हानिरहित प्रकारात साठवले जातात.

८. प्रत्येक फाइल उघडून पाहिली जाते व तिचा एसएचए-२५६ ठसा नोंदवला जातो. ठसे जुळले की दोन फाइली एकच आहेत हे नावांवर विसंबून न राहता ठरवता येते.

फाइलीत नोंदलेले मूळ नाव जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे असते. त्यात मुद्दाम वरच्या फोल्डरचा मार्ग लिहिलेला असल्यास असावध स्क्रिप्ट संगणकावरील दुसऱ्याच फाइलीवर लेखन करू शकते. म्हणून नावातील मार्ग काढून केवळ शेवटचा भाग घेतला जातो.

देवनागरी नावे आणि मजकूर

मराठी फाइलींच्या बाबतीत थरांची नावे ही स्वतंत्र अडचण असते. पीएसडीमध्ये थराचे नाव दोन ठिकाणी लिहिले जाते. जुन्या पद्धतीच्या नोंदीत एका बाइटाची लांबी आणि त्यापुढे संगणकाच्या तत्कालीन लिपीसंकेतातील अक्षरे असतात. दुसरी नोंद युनिकोडमध्ये असते. केवळ जुनी नोंद वाचणाऱ्या स्क्रिप्टमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक अक्षरे दिसतात.

नंदुरबार जिल्ह्यातील ‘कोरीट’ या गावाचे नाव एखाद्या नकाशाच्या थराला दिले असे मानल्यास हा फरक स्पष्ट होतो. या शब्दात क, ओकार, र, दीर्घ ईकार आणि ट अशी पाच युनिकोड चिन्हे आहेत. पीएसडीच्या युनिकोड नोंदीत प्रत्येक चिन्हास दोन बाइट लागतात, म्हणून नावासाठी १० आणि त्याआधीच्या लांबीच्या आकड्यासाठी ४ बाइट खर्च होतात. तेच नाव यूटीएफ-८ पद्धतीत १५ बाइट व्यापते, कारण तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. लिनक्सवरील ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट असल्याने तेथे देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. विंडोजच्या एनटीएफएस व्यवस्थेत मर्यादा २५५ युनिकोड एककांची असल्याने तेच नाव तेथे चालते. परिणामी एका संगणकावर यशस्वी झालेली स्क्रिप्ट दुसऱ्यावर लांब नावांपाशी अडते.

विंडोजमध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ, विसर्गासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी रेघ आणि कोनकंस चालत नाहीत. ‘वधू/वर’ असे थराचे नाव त्यामुळे फाइलीचे नाव होऊ शकत नाही. फोल्डरच्या नावाअखेरचे टिंबही विंडोज गाळते. ‘चि.सौ.कां.’ या नावाच्या गटासाठी बनवलेला फोल्डर स्क्रिप्टला नंतर त्याच नावाने दिसत नाही, याचे कारण हेच असते. ‘दऱ्या’ या शब्दातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिता येते. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावे संगणक वेगळी मानतो. म्हणून नावांची तुलना करण्यापूर्वी त्यांचे प्रमाणीकरण केले जाते.

मजकुराच्या थरांची अडचण याहून जुनी आहे. मराठी अक्षरजुळणीत श्रीलिपीसारख्या आज्ञावलींचे युनिकोडपूर्व टंक दीर्घकाळ वापरात होते. श्रीलिपी ही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची निर्मिती आहे. अशा टंकांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. त्यामुळे थरातील मजकूर स्क्रिप्टने काढल्यास रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ मिळते आणि टंकानुसार रूपांतर केल्याशिवाय ती वाचता येत नाही. फोटोशॉप मजकुराच्या थराला त्यातील शब्दांवरूनच आपोआप नाव देत असल्याने थरांची नावेही तशीच निरर्थक बनतात. अशा फाइलींसाठी थराचा क्रमांक आणि गटाचे नाव यांवरून फाइलींना नावे देणे अधिक उपयोगी ठरते.

इतर फाइलप्रकार

गिंप या मुक्त आज्ञावलीच्या एक्ससीएफ फाइलीत थरांचे बिंदू ६४ × ६४ च्या तुकड्यांत साठवलेले असतात. स्क्रिप्ट-फू किंवा पायथनच्या साहाय्याने थरांची निर्यात करता येते. गिंपमध्ये पीएसडी फाइल उघडता येते, परंतु स्मार्ट ऑब्जेक्ट तेथे साध्या पिक्सेल-थराच्या रूपात येतो. अशी फाइल गिंपमधून पुन्हा साठवल्यास आतील मूळ फाइल टिकत नाही.

ओपनरास्टर हा फाइलप्रकार प्रत्यक्षात झिप संग्रह असतो. त्यात थरांची क्रमवारी सांगणारी एक्सएमएल फाइल आणि प्रत्येक थराची पीएनजी प्रतिमा असते. साध्या झिप साधनानेही तो उलगडता येतो. क्रिताची फाइलही झिप संग्रहच असते. तिच्यातील एकत्रित चित्र पीएनजी स्वरूपात मिळते, परंतु थरांचे बिंदू क्रिताच्या स्वतःच्या रचनेत असतात.

छापखान्याकडे गेलेली पीडीएफ प्रतच उरली असेल, तर पॉपलर या संचातील पीडीएफइमेजेस हे साधन तिच्यातील प्रतिमा काढते. जेपेग स्वरूपात साठवलेल्या प्रतिमा ते पुन्हा कॉम्प्रेशन न करता देऊ शकते. मात्र पीडीएफ तयार होतानाच प्रतिमा लहान केल्या गेल्या असतील, तर मूळ आकार तेथे नसतो.

उपयोग

छायाचित्रांचा शोध हा या प्रक्रियेचा सर्वाधिक व्यावहारिक उपयोग आहे. छायाचित्रकाराच्या संगणकातील जागा रिकामी करताना कॅमेऱ्यातील फाइली प्रथम काढल्या जातात आणि पुन्हा छपाईची मागणी येईल म्हणून अल्बमच्या पानांच्या फाइली ठेवल्या जातात. कुटुंबातील दिवंगत व्यक्तीचे मोठे छायाचित्र करण्याची वेळ आली की या पानांतील अंतर्भूत फाइल उपयोगी पडते.

गौरवग्रंथ, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक आणि स्थानिक इतिहासाची पुस्तके यांच्या मुखपृष्ठांच्या फाइलींतही जुन्या छायाचित्रांची स्कॅन केलेली मूळ रूपे आढळू शकतात. छापील पृष्ठाचे पुन्हा स्कॅन केल्यास छपाईचे ठिपके चित्रात उतरतात. अंतर्भूत फाइलीत हा दोष नसतो. काढलेल्या छायाचित्राबरोबर मूळ एक्झिफ माहिती टिकून असल्यास ते केव्हा काढले हेही समजते, मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असले पाहिजे.

मर्यादा

स्क्रिप्ट केवळ फाइलीत असलेली माहिती वेगळी करते, नष्ट झालेली माहिती निर्माण करत नाही. पुढील परिस्थितींत मूळ प्रतिमा मिळत नाही.

छायाचित्र नक्कल करून थेट पानावर चिकटवले असेल, तर ते पिक्सेल-थर बनते आणि लहान करताच त्याचे मूळ बिंदू जातात. स्मार्ट ऑब्जेक्टचे रास्टरीकरण करून फाइल साठवली असेल, तर अंतर्भूत फाइल काढून टाकलेली असते. सर्व थर एकत्र करून साठवलेल्या फाइलीत थरच उरत नाहीत. जोडलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये केवळ बाहेरील फाइलीचा पत्ता असतो. अंतर्भूत करण्यापूर्वीच छायाचित्र लहान केलेले असल्यास तेवढेच लहान चित्र मिळते. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा आधीच लहान झालेली असते. ती अल्बममध्ये बसवली असेल, तर निष्कासनाने तिची गुणवत्ता वाढत नाही.

याउलट, पानावर न दिसणारी काही माहिती मात्र हमखास मिळू शकते. पानाच्या कडेबाहेर गेलेला थराचा भाग फाइलीत कायम राहतो, तो मुद्दाम छाटला असेल तरच जातो. मुखवट्याने झाकलेला भागही नष्ट होत नाही.

खासगीपणा आणि कायदा

झाकलेला भाग टिकून राहणे हे शोधकर्त्याच्या सोयीचे असले, तरी फाइल दुसऱ्याकडे सोपवणाऱ्यासाठी ते जोखमीचे असते. समूहचित्रातून मुखवट्याने वगळलेली व्यक्ती, पानाबाहेर सरकवलेले ओळखपत्र किंवा मोबाइलने नोंदवलेले छायाचित्राचे भौगोलिक स्थान हे सर्व थरयुक्त फाइलीबरोबर जाऊ शकते. त्यामुळे साचा म्हणून फाइल विकण्यापूर्वी किंवा दुसऱ्या छापखान्यास देण्यापूर्वी अंतर्भूत फाइलींची यादी तपासणे आवश्यक ठरते. ज्या ठिकाणी केवळ छपाई अपेक्षित असते, तेथे थर एकत्र केलेली व एक्झिफ माहिती काढलेली प्रत पुरेशी असते.

फाइल ताब्यात असणे आणि तिच्यातील छायाचित्राचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारताच्या प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती त्याची कर्ती मानली जाते. मात्र कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर प्रथम मालकी सांगणाऱ्याची असते. लग्नाच्या छायाचित्रांबाबत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. अल्बमच्या पानाची सजावट ही स्वतंत्र कलाकृती असू शकते आणि तिचे हक्क निराळे असू शकतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांच्या प्रताधिकाराची मुदत इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे अशी झाली आहे.

न्यायालयीन कामकाजात काढलेली प्रतिमा सादर करावयाची असल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम ६३ संबंधित ठरते. या कलमाखालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात डिजिटल नोंदीच्या ठशाचा उल्लेख अपेक्षित असतो. म्हणून मूळ थरयुक्त फाइल आणि काढलेली प्रतिमा या दोहोंचे ठसे निष्कासनाच्या वेळीच नोंदवून मूळ फाइल न बदलता जतन करणे हितावह असते.

हेही पाहा

फोटोशॉप
गिंप
स्मार्ट ऑब्जेक्ट
जेपेग
एक्झिफ
युनिकोड
पायथन (आज्ञावली भाषा)
प्रताधिकार कायदा, १९५७